ओट्यावरची गार जागा

गाइल्येन नातीच्या गोधडीसाठी घरोघर चिंध्या मागत फिरू लागली, तेव्हा लियूगोऊ गावच्या निम्म्या बायकांनी तिला तोंडावर वेड्यात काढलं आणि उरलेल्या निम्म्यांनी ती पाठमोरी झाल्यावर. शंभर घरांची गोधडी करतात ती मुलग्यासाठी, तीही नवसासायासाने झालेल्या. पोरीसाठी एवढे उंबरे कोण झिजवतं?

"पोरीला शंभर घरं?" हे आडनावाची आजी म्हणाली, गाव तिला हे आजीच म्हणे. गावातली सगळ्यात जुनी बाई, वय एक्क्याण्णव. तोंडात दात एकच राहिला होता, पण जिभेला त्याची गरज कधी पडली नाही. "मला माझ्या आयशीनं ज्वारीच्या ताटांत गुंडाळून ठेवलं होतं. बघ, मेले का?"

"तुम्हाला न्यायला यमराज घाबरतो, आजी. दारापर्यंत येतो, तुमचा आवाज ऐकतो नि माघारी फिरतो."

"तोंड आवर आणि कात्री दे." म्हातारीने अंगातल्या कोटाच्या बाहीचाच वीतभर तुकडा कापून दिला. "अंगावरचं घे. पेटीतलं दिलं तर पोर पेटीत पडून राहायची जन्मभर."

गाइल्येनने तुकडा घेतला आणि काही न बोलता निघाली. या कापडासाठी आभार मानायचे नसतात. ते विकत आणायचं नसतं, चोरायचं नसतं, भिकाऱ्यासारखं दारात उभं राहून मागायचं असतं. शंभर घरांनी आपल्या आयुष्यातला एकेक तुकडा दिला की मूल तगतं. पण सगळ्यात मोठा नियम वेगळाच आहे. ज्या घरातलं मूल गेलं, त्या घरचं कापड घ्यायचं नाही. त्या कापडाबरोबर गेलेलं मूल येतं आणि जिवंत मुलाशेजारी पांघरुणात शिरतं.

शिवणारीही तशीच लागते, भरल्या घरची. नवरा हयात, लेकरू हयात, गेलेलं कोणी नाही अशी. शंभरावा तुकडा तिच्या स्वतःच्या कपड्याचा आणि तो बरोबर मध्ये. अशी बाई शोधायला लियूगोऊकरांना लांब जावं लागत नसे. तीन खोऱ्यांत नवरीची रजई शिवायची म्हटलं की निरोप गाइल्येनलाच यायचा. एकोणतीस वर्षांत चाळीसेक नवऱ्यांच्या रजया तिच्या हातून गेल्या होत्या.

आणि एकोणतीस वर्षं ती खोटं बोलत होती.

गाइल्येन आणि तिचा नवरा देबाओ मूळचे इथले नव्हेत. दूर शांगवानहून ते आले तेव्हा तिच्या पाठीला वर्षाचा मानछांग बांधलेला होता. पहिल्याच लग्नसराईत गावप्रमुखाच्या बायकोने रीतीप्रमाणे विचारलं, नवरा? आहे. मुलगा? हा काय. गेलेलं कोणी? आणि गाइल्येन म्हणाली, कोणी नाही. शांगवानला भुकेच्या वर्षी, गावची सामुदायिक खानावळ बंद पडली त्या हिवाळ्यात, तिला जुळं झालं होतं. एक मुलगा, एक मुलगी. तिच्या अंगावर दूध होतं ते एकाला जेमतेम पुरेल इतकं. तिने एकाला पाजलं. मुलगी त्र्याण्णव दिवस जगली. शंभर दिवस पुरे व्हायच्या आत गेलेलं मूल मोजत नाहीत. त्याला नाव नसतं, पूर्वजांच्या थडग्यांत जागा नसते. म्हणून कोणी नाही म्हटलं ते काही खोटं नव्हे, असं गाइल्येनने स्वतःला समजावलं. पहिल्या वर्षी समजावावं लागलं, पुढे सवय झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मानछांगलाही कोणी सांगितलं नाही. तो एकुलता एक म्हणून वाढला.

आता त्याची मुलगी आली होती. त्याची बायको यूनछिन, आवाज कधी चढला नाही अशी शांत पोर, तिचे दोन गर्भ पाचव्या महिन्यात गेले होते. ही तिसरी साडेसातव्या महिन्यात आली, भोपळ्याच्या वेलाला पहिलं फळ धरावं एवढीशी. तालुक्याच्या दवाखान्यात बारा दिवस ठेवून डॉक्टरने घरी पाठवली आणि सांगितलं, "उबेत ठेवा, थोडं थोडं पाजत राहा. शंभर दिवस काढले तर काळजी नाही." यूनछिनने ते एवढंच ऐकलं, शंभर दिवस. आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा सासूकडे काही मागितलं.

"आई, तुम्ही शिवाल ना? तुमच्या हाताची रजई ज्यांना मिळाली त्यांचं सगळं चांगलं झालं म्हणतात."

नाही कसं म्हणायचं? आणि का नाही म्हणते ते तरी काय सांगायचं?

नव्वद घरं झाल्यावर ती च्याओलिंगच्या फाटकावरून निघाली. च्याओलिंगची रजईही हिनेच शिवली होती, सहा वर्षांपूर्वी. तिचा दोन वर्षांचा मुलगा मागच्या हिवाळ्यात तापाने गेला. म्हणून गाइल्येन मान खाली घालून पुढे जाणार होती. पण च्याओलिंग फाटकातच उभी होती, हातात पिवळ्या कापडाचा धुऊन घडी केलेला चौकोन.

"काकू, माझं चालायचं नाही ना?"

"पोरी, तुला ठाऊकच आहे."

"ठाऊक आहे. धुऊन ठेवलं होतं, म्हणून विचारलं." तिने घडी बाहीत सरकवली आणि हसायचा प्रयत्न केला. "कसं आहे बाळ?"

"आहे."

गाइल्येन पुढे गेली. या पोरीचं कापड अशुभ, आणि माझं गोधडीच्या मध्यावर! हिची रजई शिवताना कुठल्या टाक्यातून माझं अशुभ आत गेलं असेल? तिने मनातल्या मनात चाळीस नवऱ्यांची नावं घेतली. चौघींची मुलं गेली होती. चाळीसात चार जातातच, कुठेही जातात, असं देबाओ म्हणाला असता. पण चोराच्या मनात चांदणं.

बाळाच्या सत्तराव्या दिवशी गोधडी उभी राहिली. लाल अस्तर, मध्ये नवा कापूस, वर नव्याण्णव घरांचे तुकडे. हे आजीच्या बाहीचा करडा, शाळामास्तराच्या पडद्याचा हिरवा, कुणाच्या उशीचा फुलाफुलांचा. शंभरावा गाइल्येनच्या निळ्या सदऱ्याचा. तो तिने मध्ये बसवला, चारी बाजूंनी दुहेरी टाके घातले. काठ तेवढा राहिला होता. दुपारी ऊन खिडकीला काचेऐवजी लावलेल्या कागदावर आलं तेव्हा तिने गोधडी नातीवर घालून पाहिली.

पोर कांगच्या मध्यावर निजली होती. कांग म्हणजे त्यांचा विटांचा ओटा, चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरतो आणि घर हिवाळाभर त्यावर बसतं, जेवतं, झोपतं. गाइल्येन चुलीशी गेली, बाजरीची पेज ढवळून आली. येऊन पाहते तो पोर मध्यावर नव्हती. भिंतीकडे सरकून, अगदी कडेला टेकून निजली होती. सत्तर दिवसांचं, तेही अपुऱ्या दिवसांचं मूल, ज्याला मान सावरत नाही, ते हातभर सरकलं होतं. आणि गोधडी दोघांवर असावी तशी ताणलेली होती.

तिने पोरीला उचलून मध्यावर ठेवायला हात टेकला आणि झटक्यात मागे घेतला. ओटा तापलेला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेवढी एकच जागा गार होती. दीड वीत लांब, वीतभर रुंद. तळघरातल्या कोबीसारखी गार.

तिने गोधडी काढून घेतली, आणि पाहते तो मधल्या निळ्या तुकड्याचे टाके एका कोपऱ्यात सुटलेले.

"धुराडं तुंबलं असेल," देबाओ म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने त्या जागेच्या विटा काढल्या, आत हात घातला, कोपरापर्यंत काळा झाला. काजळी होती, तुंबलेलं काही नव्हतं. विटा परत बसवल्या, चूल पेटवली. सगळीकडे ऊब आली, तिथे आली नाही. त्याने तळवा तिथे ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "तुझा तुकडा काढून टाक."

"काढला की आत काय घालू?"

"दुसरं काहीही. हे म्हातारीकडून आणखी एक मागून आण. कोण तपासायला येतंय?"

"आणि शिवणारे हात? ते कुठून मागून आणू?"

"गाइल्येन." तो दारातून बाहेर डोकावला, मग आवाज उतरवला. "मानछांगला काय सांगणार आहेस? तू जिवंत आहेस तो बहिणीचं दूध पिऊन, असं? खाणीत उतरणारा माणूस आहे तो. असलं डोक्यात घेऊन खाली जाईल? गप्प राहायचं. एकोणतीस वर्षं राहिलो."

ती गप्प राहिली. नवऱ्याचं ऐकून नव्हे, तिलाही तेच हवं होतं. खोटं कशाला बोला, गावात मान खाली जायची भीती तिला होतीच. लग्नघरी तिच्यासाठी वेगळा पाट मांडत, पहिलं शेवयांचं वाडगं तिच्या हातात देत. ते सगळं जाईल. पण त्याहून मोठी भीती मानछांगच्या तोंडाची होती. तो तिच्याकडे बघेल, ते कसं बघेल?

तिने निळा तुकडा उसवला आणि हे आजीच्या दुसऱ्या बाहीचा तुकडा मध्ये शिवला. "आता उन्हाळ्यासारखी मी बिनबाह्यांची फिरते," आजी म्हणाली होती. गोधडी पुन्हा घातली. पोर पुन्हा भिंतीकडे गेली. गार जागा होती तिथेच होती. आता ती गोधडी नसतानाही गार राहू लागली.

यूनछिनला कळत होतं की काहीतरी आहे. ती बाळाला मध्यावर ठेवी आणि दोन्ही बाजूंना उशा लावी. तासाने एक उशी बाजूला पडलेली असे. एकदा भाजी निवडता निवडता ती सहज म्हणाली, "आई, ही कुणाला तरी जागा करून देते असं वाटतं, नाही?" गाइल्येनच्या हातातला सुरा बोटात गेला.

नव्वदाव्या दिवशी पोरीने दूध घेणं कमी केलं. एक्क्याण्णवाव्या दिवशी जवळजवळ थांबवलं. दवाखान्यातल्या डॉक्टरने पाहिलं, सुई दिली, पावडरचं दूध लिहून दिलं आणि म्हणाला, छातीत काही नाही, पोटात काही नाही, वाट बघू. मानछांग खाणीतून रजा काढून आला. ब्याण्णवाव्या दिवशी चमच्याने घातलेलं दूधही ओठांच्या कडेने बाहेर येऊ लागलं. पोर रडत नव्हती. डोळे उघडून शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत होती.

गाइल्येन दिवस मोजत होती. शांगवानलाही असंच झालं होतं. शेवटचे तीन दिवस मुलगी रडली नव्हती. हे पोर माझ्याकडे बघतंय आणि मला माफ करतंय असं तिला तेव्हा वाटलं होतं, कारण तसं वाटून घेतल्याशिवाय दुसऱ्याला पाजता आलं नसतं.

त्र्याण्णवावा दिवस उजाडला. उन्हं अंगणात आली. यूनछिन पोरीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती, मानछांग चुलीत कोळसा सारत होता, देबाओ उंबऱ्यात चिलीम घेऊन. गाइल्येन काठ शिवायला बसली. सुईत दोरा ओवला, आणि सुई खाली ठेवली.

"मी भरल्या घरची नाही," ती म्हणाली.

देबाओने चिलीम तोंडातून काढली. "गाइल्येन!"

"नाही. आता बोलू द्या." आणि तिने सांगितलं. जुळं, दूध, त्र्याण्णव दिवस. सगळं सांगायला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी एकोणतीस वर्षं!

मानछांगच्या हातात फावडं तसंच राहिलं. "म्हणजे मी तिचं..."

"तू काही नाही केलंस. तू तान्हा होतास. तुला उचलून छातीशी धरणारे हात माझे होते."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"मी सांगू दिलं नाही," देबाओ म्हणाला. त्याचा आवाज म्हाताऱ्याचा झाला होता.

यूनछिनने मात्र गोधडी दोन्ही हातांनी ओढून घेतली. ज्या पोरीचा आवाज कधी चढला नव्हता ती ओरडली, "आणि हे माझ्या मुलीवर घातलंत? ठाऊक असून? मी तुम्हाला आई म्हणत होते! तुमचे हात शुभ म्हणून मी गावभर सांगत होते!"

"हो."

"का नाही सांगितलंत? मी च्याओलिंगकडून शिवून घेतली असती, तिचं निदान खरं दुःख आहे!"

"लाज वाटली," गाइल्येन म्हणाली. "तुमच्या डोळ्यांतून उतरायची लाज. तिच्या जिवापेक्षा मोठी झाली ती. पुन्हा एकदा पोरच मागे पडली."

बाळ यूनछिनच्या मांडीवरून त्याच जागेकडे बघत होतं. यूनछिनने ते पाहिलं. तिने पोरीला शेजारी ओट्यावर निजवलं, गुडघ्यांवर पुढे झाली आणि त्या गार जागेवर तळवा ठेवला. गाइल्येनला वाटलं, आता ही हात झटकेल. तिने दुसराही ठेवला.

"कुठे आहे ती?"

"शांगवानच्या वरच्या घळीत. यांनी नेली होती."

"अंगावर काय होतं?"

देबाओने मान भिंतीकडे फिरवली.

"काही नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "घरात धडसं कापड एकच होतं. ते याला हवं होतं. हिवाळा होता."

"उघडी?"

"उघडी. वर ज्वारीची ताटं."

यूनछिनचे डोळे भरले, पण आवाज शांत होता, नेहमीचा. "आई, तिला थंडी वाजतेय. बाकी काही नाही. एवढी थंडी कुणाला कशी सोसवेल?" तिने गोधडी ओट्यावर पसरली आणि टोपलीतून मोठी कात्री उचलली.

"ए पोरी!" देबाओ उठलाच. "शंभर घरांच्या आशीर्वादाला कात्री? कुणी ऐकलं तर..."

"ऐकू दे की. दोघी आहेत. एक गोधडी दोघींना कशी पुरेल, एकीला सारखं सरकावं लागतं." तिने खालच्या काठातून कात्री घातली. कापूस आणि चार पदरी कापड सहज कापलं जात नाही. तिला दोन्ही हात लावावे लागले, करकर आवाज येत होता, दातांवर येणारा. बरोबर मधोमध, हे आजीच्या बाहीच्या तुकड्यातून. दोन भाग झाले. कापलेल्या कडेतून पांढरा कापूस बाहेर डोकावू लागला. एक भाग तिने मुलीवर घातला. दुसरा गाइल्येनच्या मांडीवर ठेवला.

"याची कड दुमडून शिवा."

"माझे हात..."

"तुमचेच हवेत. तिच्यासाठी दुसरं कोण शिवणार?"

गाइल्येनने सुई उचलली. चाळीस परक्या पोरींना तिने शिवून दिलं होतं. स्वतःच्या पोरीसाठी हा पहिला टाका. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटांनी चाचपून ती कड दुमडत गेली. मागे पोर कुरकुरली, मग चांगलं तोंड उघडून रडली, तीन दिवसांत पहिल्यांदा. यूनछिनने तिला पाजायला घेतलं. थोडं प्यायली. थोडंच, पण प्यायली.

"मी नेतो," मानछांग म्हणाला. एवढा वेळ तो फावडं धरून उभाच होता. "सकाळची गाडी पकडली तर दुपारपर्यंत शांगवान गाठीन. बाबा, जागा दाखवायला तुम्ही चला."

"खुणेचा दगड ठेवला नव्हता मी," देबाओ म्हणाला. "पण घळ सापडेल. पाय जातील माझे."

"ठेवून काय म्हणायचं असतं?"

"काही नाही. हाक मारायची फक्त. हाक मारल्याशिवाय गेलेली माणसं घ्यायला येत नाहीत."

मानछांगने आईकडे पाहिलं. ज्या नजरेला ती एकोणतीस वर्षं भीत आली होती ती अखेर समोर होती. त्या नजरेत राग होता. पण राग तेवढाच नव्हता. आणखी काय होतं ते तिला ओळखता आलं नाही.

"हाक काय मारू? नाव काय तिचं?"

"नाव नाही. शंभर दिवस झाले नव्हते."

"मग?"

गाइल्येनने टाका पुरा केला, दोरा ओढला. "ताई म्हण," ती म्हणाली. "ती आधी आली. तुझ्यापेक्षा अर्ध्या तासाने मोठी."

मानछांगने फावडं भिंतीला टेकवलं. खाणीतला गडी, कुणाला भीत नाही अशी त्याची ख्याती, पण तो शब्द तोंडात घेऊन बघताना त्याचे ओठ दोनदा हलले आणि आवाज फुटला नाही. जन्मात तो शब्द वापरायची वेळच आली नव्हती. तिसऱ्यांदा तो म्हणाला, अगदी हळू, ओट्यावरच्या मोकळ्या जागेकडे बघून. गाइल्येनच्या हातातली सुई थांबली, आणि मग ती पुढचा टाका घालू लागली. उद्या सकाळची गाडी होती, आणि अजून वीतभर कड शिवायची राहिली होती.